पिराजीआबांची नवी पकड

समजा, तुमच्या हातात किलोभर वजनाचं रिव्हॉल्व्हर आहे. पंचवीस मीटरवर बशीएवढं काळं वर्तुळ. घोडा मागं ओढायचाय, पण अंगठ्याचा सांधा सुजलाय. ट्रिगर एकाच बोटानं दाबायचाय, पण बाकीची बोटंही त्याच्याबरोबर आवळतायत. आता धरा नेम!

कळंब्याचे पिराजीआबा दोन वर्षं हेच करत होते. वय एकाहत्तर. तुरुंगाच्या पहाऱ्याची नोकरी संपल्यावर दारातल्या दोन म्हशी आणि नेमबाजीचा क्लब यांतच त्यांचा जीव. पण क्लबच्या ज्येष्ठ संघातली जागा आता जायच्या बेतात होती. दोन महिन्यांवर आलेल्या चाचणीत पाचांतल्या चार गोळ्या काळ्यात हव्या होत्या, आणि आबांच्या सगळ्या डावीकडं खाली पडत होत्या.

तालमीत वाढलेल्या माणसाला उपाय एकच ठाऊक, ताकद वाढवा. आबांनी महिनाभर रबरी चेंडू दाबला. गोळ्या आणखी खाली गेल्या.

एका सकाळी ते घरापुढच्या सोप्यात रिकाम्या रिव्हॉल्व्हरनं सराव करत होते. दुधाची बादली घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी चिमणाबाई थबकल्या.

"अवं, धार काढतायसा का नेम धरतायसा?"

"का गं?"

"मूठ बघा की! वरनं खालपतोर एकेक बोट मिटाय लागलंय. म्हशीला बरं हाय त्ये, बंदुकीला कशाला?"

आबा स्वतःच्या मुठीकडं बघतच राहिले. लहानपणापासूनची, दोन्ही वेळ धार काढायची सवय! त्यांनी तडक क्लबच्या प्रशिक्षक पूर्णिमाला गाठलं. दोघांनी मिळून पकडच बदलली. मूठ आधीच पुरती मिटायची, म्हणजे पुढं मिटायला जागाच उरत नाही. घोडा डाव्या अंगठ्यानं ओढायचा. ज्येष्ठांच्या गटात दोन्ही हात चालतात. ट्रिगरवर बोटाच्या टोकाऐवजी पहिलं पेर ठेवायचं, जोर कमी लागतो. आयुष्यभराची खोड त्या वयात मोडायची म्हणजे खायचं काम नव्हे. आबा रोज शंभर वेळा रिकामा घोडा पाडत राहिले.

चाचणीच्या रविवारी चार गोळ्या काळ्यात बसल्या. पाचवी वर, उजवीकडं, कागदाच्या पार कडेला.

"बसलासा की आबा संघात!" पूर्णिमा ओरडली.

आबांचं तिकडं लक्षच नव्हतं. कागदावरच्या त्या पाचव्या भोकात बोट घालून ते उभे होते.

"व्हय गं पोरी, मूठ तीच, श्वास त्योच. डावीकडची खोड गेली म्हणतीस, मग ही उजवीकडं कशी गेली?"