पार्वतीबाईंनी घासलेले चार डबे

चारठाणा गावात भांडी घासणाऱ्या बाया काय कमी होत्या का? पण पार्वतीबाईंच्या हातचं पातेलं असं, की त्यात बघून माणसानं भांग पाडावा. राख, नारळाची शेंडी आणि चिंचेचा कोळ, एवढंच त्यांचं सामान. एखाद्या बुडाला काळं राहिलं तर त्या दिवशी त्यांना भाकर गोड लागत नसे.

शेजारच्या सुलाबाई मुद्दाम डिवचायच्या, "पुरे करा आता, भोक पडल पातेल्याला."

"पडू द्या. काळं ठिवल्यापरीस बरं हाय," पार्वतीबाई म्हणायच्या.

हायस्कुलातल्या माधवराव सरांच्या घरी त्या सात वर्षं कामाला होत्या. सरांच्या मंडळी सुमंगलाताई, त्यांचे डोळे चुलीच्या धुरानं कायम लाल. परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं, धुरात बसाल तर नजर जाईल. म्हणून सरांनी विजेची शेगडी आणली. डोळे निवळले, पण महिन्याचं बिल बावीस रुपयांवरून सत्तरीत गेलं. येलदरीच्या धरणावर वीज होते ती आपल्याच तालुक्यात, पण म्हणून ती कुणी फुकट देतंय थोडंच!

शहाऐंशी सालच्या थंडीत तालुक्याला सवलतीत सूर्यचूल मिळायला लागली. सरांनी एक आणली. पेटीवर काच, झाकणाला आरसा, आत चार काळे डबे. सकाळी दहाला वरण-भात लावायचा, पेटी उन्हाकडं फिरवत राहायचं, एक वाजता जेवायला बसायचं. सरांनी जुन्या बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला. बिल पस्तिसावर आलं तर वर्षाच्या आत पेटीचे पैसे फिटतात.

"तीन महिने बघू," ते ताईंना म्हणाले. "बिल उतरलं नाही तर पेटी विकायची आणि शेगडीही बंद. मग आपली चूल आहेच."

माणूस वाईट नव्हता, पण पगार तेवढाच होता. पेटीबरोबर माहितीचा कागद आला होता. तो सरांनी वाचला, फायलीत लावला आणि फाईल शाळेच्या कपाटात ठेवली. तिथंच माशी शिंकली.

तीन महिन्यांची ती अट पार्वतीबाईंनी ओट्यावरून ऐकली होती. त्यांच्या आईची नजर चुलीपुढं बसूनच गेली होती. शेवटी शेवटी म्हातारी लेकीला हातानं चाचपून ओळखायची. ताईंवर ती पाळी येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पण डबे घासायला आले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. नवीकोरी भांडी, अन् अशी तोंडं काळी केलेली? कुणी बघितलं तर पार्वतीबाईला काय म्हणल? रंग पक्का होता, पण त्याही काही कच्च्या नव्हत्या. रोज थोडं थोडं, महिनाभर राख घासली. डबे चांदीसारखे निघाले. ताईंनीही कौतुक केलं, "किती लख्ख केलेत हो!"

पहिल्या महिन्याचं बिल अडतीस आलं. सरांनी पेटीवर हात फिरवला. दुसऱ्या महिन्यात ऊन वाढलं तरी डाळ टणटणीत राहायला लागली. दीड वाजता सर ताटावर, भात कच्चा. ताई गपचूप डबे उचलून शेगडीवर चढवायच्या. बिल आलं चौसष्ट.

"ह्या पेटीत काही राम नाही," सर म्हणाले. "महिनाअखेरीस गिऱ्हाईक बघतो."

दुसऱ्या दिवशी ताईंनी कोपऱ्यातली चूल सारवायला काढली. ते बघून पार्वतीबाईंना चाचपून ओळखणारी आई आठवली.

दुपारी त्यांनी धुतलेले डबे ओट्यावर उन्हात पालथे घातले. एक झाकण महिनाभर मांडणीमागं पडलं होतं, ते आजच सापडलं होतं; त्याचा काळा रंग अजून तसाच होता. तासाभरानं त्या डबे उचलायला गेल्या. बाकीचं सगळं कोमट, अन् त्या काळ्या झाकणाला हात लावला तर चटकाच बसला. त्यांनी बोटं तोंडात घातली. झाकण पुन्हा उन्हात ठेवलं, थोडा वेळ थांबून पुन्हा चाचपलं. पुन्हा तेच.

मग त्या तिथंच बसल्या. सांगितलं तर काम जाईल, हेही मनात आलं. पण चुलीचा ओला पोतेरा समोरच पडला होता.

"ताई," त्या आत जाऊन म्हणाल्या, "तुमचं बिल म्यां वाढिवलं. ऊन काळ्यालाच धरतंय, अन् म्यां ते खरडून काढलं."

संध्याकाळी सरांनी शाळेतून फाईल आणली. कागदावर तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, डबे बाहेरून काळेच ठेवावेत. सरांनी ती ओळ मोठ्यानं वाचली.

"सर, तुमी वाचलं व्हतं नं? मंग भांडी घासणारीला सांगायला नगं व्हय?" पार्वतीबाई म्हणाल्या.

सर म्हणाले, तसला रंग परभणीला मिळेल, रविवारी बघू. पार्वतीबाई रविवारपर्यंत कशाला थांबतात! घरी जाऊन त्यांनी तव्याची, कढईची, चुलीमागच्या भिंतीची काजळी खरवडली. जन्मभर जिच्याशी वैर केलं तीच काजळी जवसाच्या तेलात कालवली आणि चिंधीनं डब्यांना बाहेरून चोपडली. एक हात वाळला की दुसरा, असे तीन हात दिले. चौथ्या दिवशी साडेबारालाच डाळ शिजून मऊ झाली. ताईंनी घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. धुरानं नव्हे, हे पार्वतीबाईंना बघताक्षणी कळलं.

तिसरं बिल छत्तीस आलं. ताईंनी ते पार्वतीबाईंना दोनदा वाचून दाखवलं. चूल पुन्हा कोपऱ्यात पालथ्या टोपलीखाली गेली.

सुलाबाईंनी येताजाता सरांच्या ओट्यावर काळे डबे बघितले आणि त्यांना आयतंच सापडलं. "काय हो, तुमच्या हातची भांडी काळी राहायलीत?"

"राहिली न्हाईत," पार्वतीबाई म्हणाल्या, "म्यां केलीत." आणि डबे नुसत्या पाण्यानं विसळून त्यांनी रस्त्यावरून दिसतील असे पालथे मांडले.