कवळीमास्तर आणि बदललेली माणसं

गल्लीत त्यांना सगळे कवळीमास्तर म्हणत. चाळीस वर्षं कवळ्या बनवल्या, म्हणजे अर्ध्या गावाचं हसू त्यांच्या हातचं. कोणाचे पुढचे दात खरे आणि कोणाचे विकतचे, सगळं पाठ. सांगत मात्र नसत. सांगायचं खातं बायकोकडे. ती पुढच्या काउंटरवर बसे, आणि तिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं.

साठी उलटल्यावर मास्तरांना एक खूळ लागलं. एका प्राध्यापिकाबाईंचं माप घेताना त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही शिकवता काय हो?" तोंड मोकळं झाल्यावर बाई म्हणाल्या, "जुन्या रोमन कविता. माणसांची झाडं होतात, पक्षी होतात, दगड होतात, त्या." शनिवारी दुपारी कॉलेजात वाचन असे. मास्तर जाऊ लागले. पुढे अडखळत का होईना, ती भाषाही शिकले.

"आज कोण काय झालं?" घरी आले की बायको विचारी.

"एक मुलगी झाड झाली."

"सुटली बिचारी! ना स्वयंपाक, ना नवरा."

मास्तरांनी एक वही केली होती. कोणाचं काय बदललं आणि काय उरलं, याची. दोन हजार वर्षं चित्रकार, मूर्तिकार, गोष्टी सांगणारे याच कवितांकडे परत परत येतात, असं बाई सांगत. का येतात, ते मास्तरांना वहीतून उमगत होतं. कातडी बदलते, हात जातात, आवाज तर हमखास जातो. मन मात्र कवी बहुतेकदा जागच्या जागी ठेवतो. आत माणूस तोच, आणि बाहेर कोणाला पत्ता नाही.

मग बायकोला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तिला कळतं किती, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. मास्तर पडले तोंडाचे कारागीर. त्यांनी उपाय तोंडातच शोधला. टाळूवर बसणारा भाग पातळ करून नवी कवळी केली. शब्द फुटेना. दुसरी केली, तिसरी केली. तीन महिने हेच. आणि तिची थट्टा करायचं सोडून तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलू लागले.

लेक आणि जावई चार दिवस राहायला आले. आईच्या पलंगापाशीच ठरलं: सोमवारी तिला वृद्धाश्रमात ठेवायचं, कायमचं.

"हळू बोल गं," मास्तर म्हणाले.

"बाबा, तिला काय कळतंय आता?"

मास्तर हातातली कवळी घासत राहिले. एवढी वही लिहिणारा माणूस, आणि वहीतलं एक अक्षर आठवेना!

शनिवारी वाचायची पाळी त्यांचीच होती. देवाने गाय करून टाकलेली एक मुलगी. बाप ओळखत नाही, चारा भरवतो. ती बोलू जाते तर हंबरते. शेवटी खुराने धुळीत आपलं नाव लिहिते. मास्तर त्या ओळीवर थांबले ते थांबलेच.

"अडलं का?" बाईंनी विचारलं.

"अडलं नाही हो, कळलं," म्हणत मास्तर चपला घालून निघालेसुद्धा.

घरी येताच त्यांनी ट्रेमध्ये साच्याच्या प्लास्टरची पूड पसरली आणि बायकोचा डावा हात त्यात ठेवला. "अगं, लिही. काहीही लिही." बोट बराच वेळ हललंच नाही. मग लेकीच्या देखत वाकडीतिकडी अक्षरं उमटली:

कवळी टोचते.

मास्तरांनी ती घाईने काढली. हिरडीवर लालभडक चर पडला होता. "अगं, मला वाटलं..."

लेक पलंगाच्या कडेवर टेकली. आल्यापासून पहिल्यांदाच ती आईच्या डोळ्यांत बघून बोलली, "आई, सोमवारी... जायचंय का तुला तिकडे?"

आईने तळव्याने पूड सपाट केली. या खेपेला बोट रेंगाळलं नाही.

तू जा.

लेकीला आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही. जावई फोन घेऊन मुकाट्याने बाहेर गेले आणि सोमवारचं रद्द करून आले. तोवर मास्तर चष्मा पुसून ट्रेसमोर बसले होते. तीन महिन्यांचं साचलेलं ऐकायचं होतं, आणि त्यातलं बहुतेक त्यांच्याचबद्दल असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.