खंडेनवमीला पूजेत ठेवलेला फोन

पाळत ठेवतं ते सरकारच, असं मी आमच्या संघटनेच्या पत्रकांत ठासून लिहीत आले. मोठ्या अक्षरांत, दोन-दोन उद्गारचिन्हं लावून. त्यामुळे दसऱ्यानंतर माझा फोन नुसता पडल्यापडल्या तापायला लागला, सकाळी भरलेली बॅटरी दुपारी मान टाकायला लागली, तेव्हा भीतीपेक्षा ताठाच जास्त चढला. घेतली म्हणजे आपली दखल!

मग एकदा जेवताना काका म्हणाले, "बेटम्याला काय काम काढलंस गं? वो एरिया ठीक नहीं है."

बेटम्याचं नाव मी घरात कधी काढलंच नव्हतं.

शहराबाहेर, बेटम्यात एक बाई राहते. तिथल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला जाते. कामाची शिफ्ट सुरू झाली की ठेकेदार बायकांना आत कोंडून बाहेरून कुलूप लावतो. आग लागली तर? ह्याचं उत्तर कुणी देत नाही. ती लेखी तक्रार द्यायला तयार झाली होती, एकटीच. तिचं नाव फक्त मला माहीत होतं. म्हणजे मला आणि माझ्या फोनला. आणि काकांची कंपनी त्याच ठेकेदाराकडून माणसं घेते.

फोन सरळ रीसेट मारायचा असं ठरवून आधी आमच्या संघटनेतल्या वकील ताईंकडे गेले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, फोन घेतला, सेटिंग उघडली. साध्या नावाचं एक ॲप होतं, मी कधीच न घातलेलं. त्याला लोकेशन, माइक, मेसेज, सगळ्याची परवानगी. ताईंनी स्वतःच्या फोनने त्या स्क्रीनचे फोटो काढले, माझा फोन आतल्या खोलीत रेडिओशेजारी ठेवला, रेडिओ मोठा केला, दार ओढून घेतलं.

"पुसायचं नाही, समझी? पुसलंस की पुरावा गेला, आणि बघणाऱ्याला त्याच घडीला कळणार. पासवर्ड बदल, पण दुसऱ्या फोनवरून. आणि हे आपोआप नाही आलेलं. कुणीतरी हातात घेऊन घातलंय. लॉक कुणाला माहितेय?"

"घरात सगळ्यांना. आईची जन्मतारीख आहे."

"धन्य हो! निगरानीवर पत्रकं काढतेस ना तू? हातातून सोडला कधी होतास?"

तेव्हा आठवलं. राजेंद्र नगरच्या आमच्या घरात खंडेनवमीला ज्याची त्याची हत्यारं पूजेत मांडतात. पूर्वी तलवार असायची म्हणे. आता पाने-पक्कड, कात्री, लॅपटॉप आणि सगळ्यांचे फोन. दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा दंडक काकांचा. पूजाही काकाच करतात, दार लोटून, शांतपणे. "तुझं हत्यार हेच की," म्हणत त्यांनी माझा फोन हसत मागून घेतला होता. कव्हरच्या कडेत त्यांनी वाहिलेलं कुंकू अजून अडकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन नेहमीसारखा फ्रिजवर चार्जिंगला लावला आणि बसने बेटम्याला गेले. रात्रीच्या पावसाने तिच्या घरापर्यंत काळा चिखल झाला होता. ती दारात भांडी घासत होती. सगळं ऐकून घेतलं तिने.

"मेरा नाम पता चल गया क्या?"

"माहीत नाही. पण मेसेजमध्ये होतं." खोटं कशाला सांगू?

तिने राखेचे हात धुतले, पदराला पुसले. "तो अब छुपाना किससे? लाओ कागज. नाम निकलना ही है तो पहले सरकारी दफ्तर में निकले, ठेकेदार के मुँह से नहीं."

तिने सही केली. कागद ताईंकडे पोचवेपर्यंत दफ्तर बंद झालं होतं. उद्या सकाळी पहिलं काम तेच, ताई म्हणाल्या.

मी घरी पोचले आणि पाठोपाठ काका ऑफिसातून आले. बूटही काढले नव्हते.

"आज दिवसभर घरीच होतीस? तब्येत बरी आहे ना?"

पोळी लाटणारी आई थांबली. मला सकाळी नऊलाच बाहेर पडताना तिने पाहिलं होतं.

"हो," मी म्हटलं. "डोकं दुखत होतं."

आई पुन्हा पोळी लाटायला लागली. काकांनी फ्रिजवरच्या फोनकडे पाहिलं. मग बूट काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. तिथे माझ्या चपला होत्या, काळ्या मातीने भरलेल्या, अजून ओल्या.

"अच्छा," ते म्हणाले, आणि खिशातून स्वतःचा फोन काढून गॅलरीत गेले.

कागद अजून ताईंच्या पिशवीत होता.