तेलातली शिवराई

आमच्या मामंजींच्या छत्रीला कापड नव्हतं, काड्याही नव्हत्या. उरला होता तो नुसता दांडा आणि त्याचं लोखंडी टोक. उधाण ओसरलं की तो दांडा घेऊन ते किनाऱ्यावर जायचे, दर दोन पावलांवर वाळूत खुपसायचे आणि कान देऊन ऐकायचे. दगड असला की खट्, शिंपला असला की कर्र. आणि तांबं असलं की काय, ते म्हणे सांगून कळत नाही! नवे पैसे अजून यायचे होते, त्या काळात मी लग्न होऊन काशीदजवळच्या त्या गावात आले. हा प्रकार पाहून मनात म्हटलं, बाई गं, कुठल्या घरात येऊन पडले मी! पण एक दिवस माझ्यादेखत वाळूतून हिरवंगार नाणं निघालं आणि पदर खोचून मीच पुढे उकरायला बसले.

नाणं ओळखायचं ते बोटांनी. अंगठा फिरवायचा नि सांगायचं, "हा पोर्तुगीजांचा, क्रूस लागतोय." "हा कंपनी सरकारचा, तराजू आहे बघ." कौतुक वाटायचं, पण खरी गोष्ट अशी की मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. नाकाला टेकवल्याशिवाय त्यांना अक्षर दिसत नसे. आणि त्यांना हवी होती एकच वस्तू, शिवाजी महाराजांच्या वेळचा तांब्याचा पैसा, पुरी शिवराई. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे 'श्री', 'राजा', 'शिव' या तीन ओळींतलं काही ना काही कडेला कापलं जायचंच. अख्खं 'शिव' वाचल्याशिवाय आपण मरायचे नाही, असं ते जेवताना खुशाल सांगायचे.

गावाला हा नाद ठाऊक होता, आणि तिथेच घोटाळा व्हायचा. सापडलेलं नाणं म्हणजे लक्ष्मी. ती मळकी कशी द्यायची? मग बायका चिंच आणि चुलीतली राख लावून ते लख्ख घासून आणायच्या. नाणं सोन्यासारखं चकाकायचं आणि अक्षरं साफ गेलेली असायची. मामंजी कपाळावर हात मारून घ्यायचे. मासळी विकणाऱ्या हिराबाईला तर एकदा इतकं बोलले, की तिने महिनाभर आमच्या दाराशी पाटी उतरवली नाही.

त्यांची रीत निराळी. नाणं खोबरेल तेलात बुडवून ठेवायचं आणि विसरून जायचं. पुटं मऊ झाली की माडाच्या झावळीतल्या हिराचं टोक करून एकेक रेघ मोकळी करायची. "गंजाहून घाई वाईट," हे त्यांचं वाक्य. फडताळात सगळ्या वाट्या तेला-नाण्यांच्या! सासूबाई म्हणायच्या, नाण्यांना वाटीभर तेल आणि माझ्या केसांना बोटभर नाही.

नवरात्राच्या आधी हिराबाई आली. केळीच्या पानात गुंडाळलेलं, वाळूने लिंपलेलं नाणं तिने लांबूनच पुढे केलं. "घ्या, न्हाय घासली. देवी कोपली तर तुमच्यावर." मामंजींनी अंगठा फिरवला मात्र, तडक उठून ते तेलाची वाटी घेऊन आले. शिवराईच होती! त्याच सुमारास ह्यांचा मुंबईहून निरोप आला, डोळ्यांच्या इस्पितळात जागा मिळतेय, वडिलांना पाठवा. मामंजींचं ठरलेलं उत्तर तयार होतं: दिसतंय तेवढंही जायचं, मी येत नाही.

दसऱ्याला त्यांनी शिवराई तेलातून काढली आणि माडाच्या हिराने पुटं सोडवली. नाकाला लावली, खिडकीशी नेली, उन्हात धरली. काही दिसेना. कधी कुणाला न विचारणारा माणूस मला म्हणाला, "सूनबाई, वाच."

मी पाहिलं. 'श्री' सुरेख. 'राजा' सुरेख. खाली 'शि', आणि त्यापुढे नाण्याची कड.

अगदी ओठांवर आलं होतं. पण मूठ मिटली आणि म्हटलं, "अक्षरं छान उठलीत, मामंजी. पण मी नाही वाचणार. डोळे करून या आणि तुम्हीच वाचा."

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. सुनेने असं बोलायचं? मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी उठले आणि वळकटी बांधायला सांगितली.

ते मुंबईत डोळ्यांवर पट्टी बांधून निजलेले आणि इकडे माझा जीव टांगणीला. एवढं सोसून येतील आणि अर्धा शब्द पाहतील. मग माझी धडगत नाही, असंच मी धरून चालले होते.

दिवाळी उलटल्यावर ते आले, जाड भिंगांचा चष्मा लावून. पाय धुवायच्या आधी शिवराई मागितली आणि मोठ्याने वाचायला लागले. "श्री... राजा..." मग थांबले.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं," मी खाली मान घालून म्हटलं.

"मान वर कर बघू."

मी वर पाहिलं. ते भिंगांतून माझ्याकडे बघतच राहिले. दोन वर्षं मी त्या घरात वावरत होते, पण त्यांच्या लेखी मी म्हणजे एक लुगडं आणि एक आवाज होते.

"असा आहे होय तुझा चेहरा," ते म्हणाले. "शिवराई काय, मिळेल पुढच्या उधाणाला."