चार बोटं खाली

मला गाड्यांतलं काही कळत नाही. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बियाणांच्या कंपनीत फिरतीची नोकरी, कंपनीने दिलेली गाडी आणि सांगली-सातारा जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर गेलेली निम्मी हयात, एवढ्या भांडवलावर विश्रामबागेतल्या आमच्या अपार्टमेंटने मला गाड्यांचा जाणकार ठरवून टाकलं. मीही कधी नाही म्हटलं नाही. गाडी बिघडली की मी मेकॅनिककडे नेतो आणि तो जे सांगेल त्याला मान डोलावतो. कुठली गाडी घ्यायची हे मला आयुष्यात एकदाही ठरवावं लागलेलं नाही. कंपनी किल्ली देते, मी चालवतो.

हे आधी सांगितलं, कारण ते लपवून आमच्या शेजारच्या अण्णांबद्दल लिहिणं म्हणजे पुन्हा तेच करणं झालं.

अण्णा म्हटलं की मला ते शोरूमच्या काचेच्या दारातून आत शिरताना दिसतात. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात चष्मा, आणि हातात लाल प्लास्टिकचं उंच स्टूल. त्यांच्या घरातलं, ओट्याजवळचं. टाय लावलेला मुलगा पुढे यायचा आणि गोंधळून म्हणायचा, "सर, बसायला आपल्याकडे सोफा आहे."

"बसायला नाही आणलं. मोजायला आणलंय."

मग ते डावीकडचं पुढचं दार उघडायचे, स्टूल सीटला लावून ठेवायचे, गुडघ्यावर बसून एक डोळा मिटायचे. तळहात स्टुलावर ठेवून तसाच सीटकडे सरकवायचे. हात वर चढला तर "तीन बोटं वर. चढायला त्रास." खाली गेला तर "सहा बोटं खाली. चला." पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली होती. टेप घरात होता, पण भरवसा बोटांवर.

मुलगा विचारायचा, "सर, एकदा बसून तर बघा."

आणि अण्णा ते वाक्य बोलायचे. किती शोरूममध्ये ऐकलं असेल मी ते! "बसायला कुणालाही येतंय हो. उठता आलं पाहिजे."

उठायचं होतं वहिनींना, अण्णांच्या बायकोला. अण्णांच्या त्या लाल स्टुलावरून वहिनी तोंडातून आवाज न काढता उठायच्या. खुर्चीवरून उठताना "आई गं" यायचं, पलंगावरून उठताना दोन वेळा यायचं. स्टुलावरून नाही. अण्णांनी हे ऐकून ऐकून हेरलं होतं, वहिनींना न सांगता.

वहिनी माण तालुक्यातल्या. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लहानपणी बापामागून माळ तुडवलेला. लग्न होऊन सांगलीत आल्या, फ्लॅटमध्ये राहिल्या, पण दर दिवाळीनंतर त्यांना माळाची ओढ लागायची. अण्णांना पक्ष्यांचा नाद होता. गळ्यात दुर्बीण, कॅरिअरला पातेलं आणि चटई, मागे वहिनी, अशी ती मोटारसायकल रविवारी पहाटे विट्याच्या रस्त्याला लागायची. दिवसभर माळावर. अण्णा पक्षी बघायचे, वहिनी गवत. ही पवना, हा मारवेल, ही कुसळी, पायात घुसली तर लय वंगाळ. संध्याकाळी दोघं उन्हाने रापून परत यायची आणि जिन्यात भेटली तर वहिनी माझ्या बायकोच्या हातात गवताची एक काडी द्यायच्या. "हुंगा. शेळीला काय आवडतंय ते कळंल तुमास्नी."

मग गुडघे गेले. शेवटच्या खेपेला माळावर पोचल्यावर वहिनींना मोटारसायकलवरून उतरताच येईना. पाय हलेना. अण्णा गाडी धरून उभे, वहिनी वर बसलेल्या. बराच वेळ. शेवटी रस्त्याने जाणाऱ्या दोघी बायकांनी त्यांना उचलून खाली ठेवलं. "मी हँडल सोडू शकत नव्हतो आणि तिला धरू शकत नव्हतो," अण्णा मला म्हणाले होते. "तेव्हाच ठरवलं, गाडी घ्यायची. मिरजेला दवाखान्यात न्यायला होईल, भाजीला होईल, आणि माळावर."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बेल वाजली. "काय गाडीवाले, मोकळे आहात का?"

मोकळा नव्हतो. नंतर दोन वर्षं नव्हतो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो एक वस्तू घ्यायला सगळं गाव हिंडतो आणि सोबत तुम्हाला हिंडवतो. माझा आठवड्यातला एकच दिवस माझा. बाकीचे दिवस दुकानदारांचे टोमणे, वरच्या साहेबाचे फोन, न उगवलेल्या बियाणाच्या तक्रारी. त्या एका दिवशी मी स्टूल सांभाळत बसायचो. माझी बायको दारात उभी राहून म्हणायची, "निघाले मुलगी बघायला! पसंत पडली तर फोन करा, पोहे टाकते."

एका शोरूमचा मुलगा उत्साहाने म्हणाला, "सर, याचं छप्पर उघडतं. वरून ऊन येतं."

"अहो, आम्ही उन्हातच जाणार आहे. उघडून काय करू?"

"मग सर, ही मोठी स्क्रीन बघा. सगळं दिसतं."

"काचेतनं दिसतंय का बाहेरचं, ते सांगा. बसलेल्या माणसाला रस्त्याकडेचं गवत दिसलं पाहिजे."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी जाणकाराचा चेहरा करून मान डोलावली. दुसरं काय करणार?

गाडी आवडली की ते खाली वाकून हाताची वीत जमिनीला लावायचे. माळावरचा दगड वीतभर असतो, त्यावरून पोट घासता कामा नये. वीत बसली तर स्टूल नापास. स्टूल बसलं तर मागे चटई, पातेलं, दुर्बिणीची तिपाई ठेवायला जागा नाही. सगळं बसलं तर आमच्या पार्किंगच्या खांबांमधून गाडी वळणार नाही. मी चिडायचो. "अण्णा, सगळं एका गाडीत नाही मिळत." ते शांतपणे म्हणायचे, "मिळतंय. आपण अजून बघितली नाही."

त्यात अपार्टमेंटचे सल्ले. तळमजल्यावरचे विचारायचे मायलेज किती, समोरचे विचारायचे सर्व्हिस सेंटर कुठे. आणि सगळे मिळून विचारायचे, उद्या विकायची म्हटली तर? आपल्याकडे गाडी घरात यायच्या आधीच माणूस ती विकायला काढतो. रंगसुद्धा पांढरा, कारण घेणाऱ्याला पांढरा आवडतो. तो घेणारा कोण, कुठला, ते कुणालाच माहीत नाही. अण्णांना हा प्रश्न कळायचाच नाही. "विकायची कशाला? घ्यायचीय ना?"

वहिनींना मात्र ते कधीच शोरूममध्ये नेत नसत. मी एकदा म्हटलं, "वहिनींनाच आणा की. त्या बसून सांगतील." अण्णा म्हणाले, "नको. ती चारचौघांत कण्हायची नाही. ओठ दाबून उठेल आणि चांगली हाय म्हणेल. स्टूल खोटं बोलत नाही."

आणि साताऱ्याला ती गाडी मिळाली.

हायवेवरचं शोरूम. मातकट हिरव्या रंगाची, चौकोनी, उंच गाडी. अण्णांनी स्टूल लावलं, डोळा मिटला, तळहात सरकवला. हात सरळ गेला. त्यांनी पुन्हा सरकवला. मग ते स्टुलावर बसले, उठले. सीटवर बसले, उठले. वीत लावली, बसली. मागचं दार उघडून आत वाकून बघितलं आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की मुलगासुद्धा बोलायचा थांबला.

"लागलं की हो," अण्णा म्हणाले. "गाडीवाले, लागलं!"

मुलगा म्हणाला, "सर, फक्त वेटिंग आहे. चार-पाच महिने धरून चाला."

अण्णा माझ्याकडे वळले. "घेऊ?"

आता नीट सांगतो. मला भूक लागली होती. सकाळपासून साहेबाचे चार फोन येऊन गेले होते. आणि मुलाने चार-पाच महिने म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे ते महिने उभे राहिले. दर रविवारी बेल. "गाडीवाले, शोरूमला फोन लावा की. गाडीवाले, रंग बरोबर घेतला ना? गाडीवाले, परत एकदा बघून येऊ?" सांगलीच्या शोरूममध्ये अण्णांनी आधी मोजून सोडलेली पांढरी गाडी तयार उभी होती, हे मला माहीत होतं. आठवड्यात हातात. आठवड्यात मी सुटलो असतो.

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. टायरला बोट लावलं. का लावलं, देव जाणे. आणि म्हणालो, "गाडी चांगली आहे, अण्णा. पण रिसेलला मार खाईल. हा रंग, हा आकार, आपल्या भागात कोण घेणार?"

"आणि ती सांगलीची?"

"ती डोळे झाकून घ्या."

"ती चार बोटं खाली आहे."

"चार बोटांनी काय होतंय? सवय होते."

अण्णांनी खिशातला रुमाल काढून स्टूल पुसलं. ते काही मळलेलं नव्हतं. मग म्हणाले, "तुम्हाला त्यातलं कळतंय. तुम्ही म्हणताय तर तसं."

दोन वर्षं अख्ख्या अपार्टमेंटने विचारलेला प्रश्न त्यांना शिवला नव्हता. माझ्या तोंडून आला म्हणून शिवला. परतीच्या वाटेवर कराडला आम्ही जेवलो. मी पोटभर जेवलो.

पांढरी गाडी आली. हार, नारळ, चाकाखाली लिंबं, माझ्या बायकोने केलेलं औक्षण. अण्णांनी दार उघडलं, वहिनी बसल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग उतरायची वेळ आली. वहिनींनी ओठ दाबले. अण्णांनी दोन्ही हात धरून त्यांना ओढलं, त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"गाडी चांगली हाय की, भावजी. लय चांगली हाय."

सीट उंच करायला अण्णांनी गोधडीची घडी टाकली. मग डोकं छताला लागायला लागलं आणि काचेतून वहिनींना दिसायचं ते समोरचं डांबर आणि छताची कड. माळावर दोनदा गेले. पहिल्यांदा गाडीचं पोट दगडावर घासलं. दुसऱ्यांदा वहिनी खाली उतरल्याच नाहीत. दार उघडं ठेवून आत बसल्या आणि अण्णांनी गवत उपटून त्यांच्या मांडीवर आणून ठेवलं. हे मला वहिनींनीच सांगितलं, जिन्यात, कठड्याला धरून, हसत. "मेंढीगत चारा आणून दिला बगा मला! गाडीचा काय दोष न्हाई वं. मीच वाकडी झालीया."

त्यानंतर ती गाडी मिरजेला दवाखान्यात जायची आणि भाजीला जायची.

मी जिना चुकवायला लागलो. तेव्हा माझं मलाही ते कळत नव्हतं. पार्किंगमध्ये अण्णा गाडी पुसताना दिसले की मला त्यांचाच राग यायचा. दोन वर्षं शोधलंत, मग माझं एका मिनिटात का ऐकलंत? नाही म्हणता आलं नसतं का? असा उलटा राग मी बरेच दिवस सांभाळला.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलीने दोघांना पुण्याला नेलं. अकरावा मजला, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ. गाडी विकून द्यायचं काम अर्थातच जाणकाराकडे आलं. मी फोटो टाकले आणि तिसऱ्या दिवशी इस्लामपूरचा एक माणूस आला. पांढरा रंग, कमी चाललेली, कुठे ओरखडा नाही. घासाघीससुद्धा केली नाही त्याने. अण्णांना फोन केला तर ते खूश झाले.

"गाडीवाले, तुमचा शब्द खरा झाला हो! रिसेल आला. मी इथं जावयाला सांगितलं, सांगलीत आमचा एक माणूस आहे, गाडी घ्यायची तर त्याला विचारल्याशिवाय घेऊ नका."

मागून वहिनींचा आवाज आला, "भावजींस्नी इचारा, यंदा माळाला गवात कसं हाय?"

मी म्हणालो, चांगलं आहे. मी बघितलं नव्हतं.

पुण्याला जाताना ते स्टूल त्यांनी माझ्याकडे ठेवलं. "तुमच्याकडे लोक विचारायला येतात. उपयोगी पडेल." ते आमच्या गॅलरीत आहे. बायको त्यावर तुळशीची कुंडी ठेवणार होती, मी ठेवू दिली नाही. का, ते सांगितलं नाही.

परवा त्यांच्या जावयाचा फोन येऊन गेला. मी उचलला नाही. साताऱ्याला ती उंच, चौकोनी गाडी आता भाड्याने मिळते, एवढी चौकशी मात्र मी करून ठेवली आहे. मी एकटा जाऊन स्टूल लावूनही बघितलं. हात सरळ जातो.

अण्णांचं मी एवढं सांगण्याचं देणं लागतो की मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, मला फक्त घरी जायचं होतं. आणि वहिनींना माळावरची एक सकाळ देणं लागतो, त्या स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरतील अशी. दोन्ही अजून द्यायचं आहे.