मुजीबची हार्ड डिस्क चालली, आणि माझ्या पोटात दुखलं

परवा नांदेडला मुजीबकडे गेलो होतो... खरं तर जायची मुळीच इच्छा नव्हती.

मुजीब माझा जुना दोस्त. भूकंपानंतर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, तेव्हा एका क्लासमध्ये आम्ही दोघं टीव्हीला जोडायच्या होम कॉम्प्युटरवर पेपर टाइप करायचो. क्लास बंद झाला तेव्हा सरांनी दोघांना एकेक मशीन देऊन टाकलं. कौतुक मात्र कायम मुजीबचंच करायचे...

दोन्ही मशीनच्या मूळ हार्ड डिस्क कधीच गेल्या. त्यांना आताची डिस्क जोडायची, हे आमचं दोघांचंही वेड. माझी जोडली गेली, चार दिवस चालली... आणि जुना कंट्रोलर, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्डच जळालं. तसं कार्ड आता मिळत नाही. नेमका त्याच आठवड्यात मुजीबचा फोन, त्याची डिस्क चालू झाली म्हणून. बघायला ये म्हणाला.

अभिनंदन केलं. पण त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

पोचलो तर त्यानं सगळं घर गोळा केलेलं. अम्मी खुर्चीत, शेजारचेही आलेले. मुजीबनं मशीन चालू केलं. टीव्हीवर नुसता निळा पडदा... पुढं काहीच नाही. बंद करून परत चालू केलं. तेच.

"काल तर चालत होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "आज काय करून राहिलं, कळंना."

खोटं कशाला बोलू, मला आतून लई बरं वाटलं. कारण माझ्याकडेही हेच झालं होतं. आताच्या डिस्कला फिरून तयार व्हायला जरा वेळ लागतो. जुना कंट्रोलर कधी कधी तेवढा थांबत नाही, डिस्कच नाही असं समजून अडकतो.

गप्प बसलो असतो तर कुणालाच कळलं नसतं... आणि मी बसलोही, थोडा वेळ.

शेजारचे उठून गेले. अम्मींनी काही विचारलं, मुजीबनं वर न बघता उगाच वायरी हलवल्या.

"बंद नको करू," मी म्हणालो. "डिस्क फिरू दे, मग रिसेट दाब."

त्यानं दाबलं. पडद्यावर भराभर अक्षरं उमटली.

"तुझं मशीन घेऊन ये इकडं," तो म्हणाला. "माझं कार्ड लावून बघू त्याला."

परतीच्या बसमध्ये पोटात परत दुखायला लागलंच... शेवटी चालतंय ते त्याचंच. पण माझ्या तोंडून रिसेट निघालं, याचं मलाच बरं वाटतंय. आणि मशीन मी बांधून ठेवलंय. रविवारी जातोय.