ज्ञानोबानं शिव्या बंद केल्या

दूध साठवलं की नासतं, किस्से साठवले की मुरतात. वडवणीकडच्या आमच्या दूध शीतकरण केंद्रात दुष्काळाच्या त्या सालात दूध कमी आणि रिकामा वेळ भरपूर, त्यामुळं किस्सेच जास्त जमा झाले. अजूनही आम्ही जुनी मंडळी कुठं लग्नात भेटलो की आमच्या बायका आधीच म्हणतात, "झालं! आता ह्यांचं केंद्र सुरू!"

मी तिथं दुधाचं फॅट तपासायचो. म्हणून रहीमभाई, आमचा टँकर ड्रायव्हर, मला 'फॅटभाऊ' म्हणायचा. आणि मी काडीपैलवान!

*

दुष्काळाची खबर मला पेपरानं नाही, लॅक्टोमीटरनं दिली. ज्या गावच्या कॅनमध्ये वर्षानुवर्षं हमखास पाणी निघायचं, तिथलं दूध एकदम शुद्ध यायला लागलं. मी दूध घालायला आलेल्या म्हाताऱ्याला म्हणालो, "काय मामा, सुधारलात की!"

"सुधारलो कशाचा? गावात टँकर न्हाई आला. दुधात घालायला पानी काय तुज्या घरून आनू?"

रहीमभाईची तऱ्हा वेगळीच. त्याचा टँकर दुधाचा, पण टँकर दिसला रे दिसला की बायका घागरी घेऊन रस्त्यात उभ्या. हा बिचारा थांबून खाली उतरायचा, टाकीवर थाप मारून सांगायचा, "मावशी, यात दूध हाय, दूध!"

"मंग थांबलास कावून? जा की फुडं!"

*

केंद्राचा खरा राजा ज्ञानोबा. कॉम्प्रेसर चालवायचा. कॉम्प्रेसर चालला तर दूध थंड, नाहीतर सगळ्या टाकीचं दही! आणि हा गडी मशीनला शिवी दिल्याशिवाय चालू करायचाच नाही. "अय, मुडदा बशिवला तुजा! ऊठ की!" असं म्हणून एक लाथ घालायचा, की मशीन सुरू. आवाज असा पहाडी की फाट्यावरचा हॉटेलवाला ती शिवी ऐकून भट्टी पेटवायचा.

मग कुलकर्णी साहेब मॅनेजर म्हणून बदलून आले. सज्जन माणूस. पहिल्याच दिवशी भिंतीवर पाटी लावली, 'येथे अर्वाच्य बोलू नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानोबानं मशीनपुढं हात जोडले. "बाईसाहेब, चालू व्हावं, ही नम्र विनंती." मशीन ढिम्म! पुन्हा विनंती. पुन्हा ढिम्म. ऊन चढायला लागलं, टाकीत दूध, साहेबांना घाम. शेवटी साहेब घड्याळात बघत म्हणाले, "ज्ञानोबा, मी जरा बाहेर जाऊन येतो. तोवर तुम्ही... तुमच्या पद्धतीनं बघा."

साहेब फाटकापर्यंत पोचले नसतील, मशीन चालू!

पाटी तशीच राहिली. ज्ञानोबा तिच्यावर टोपी अडकवायचा.

*

आमच्याकडं मन बिन कुणाचं बिघडत नसे. बिघडायचं ते पित्त! झोप येईना, पित्त. जेवण जाईना, पित्त. बायकोवर ओरडला, पित्तच.

सगळ्यात जास्त पित्त कुलकर्णी साहेबांचं. कारण दूध संघाचे चेअरमन आबा. आबांना डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नव्हतं, आणि फोन ते नेमका डाव्याच कानाला लावायचे! "दूध का घटलं?" एवढं गरजायचे, साहेब इकडून जनावरांची छावणी, चारा, पाणी सगळं सांगायचे, आणि आबा पुन्हा, "मी काय विचारतोय? दूध का घटलं?" फोन ठेवला की साहेब पित्ताची गोळी शोधायचे. संघ आता आपलं केंद्र बंद करणार, ही बातमी तर रोजच असायची.

एकदा रहीमभाई म्हणाला, "साहेब, तुमी उगं टेन्शन घेता. आबाला कायच ऐकू जात न्हाई. तुमी नुस्तं गाणं म्हना!"

साहेबांनी गाणं म्हटलं नाही. पण पुढच्या फोनला मी खिडकीतून बघितलं, साहेब फोनवर शांतपणे बेचा पाढा म्हणत होते.

*

मग वरून फर्मान आलं, कर्मचाऱ्यांसाठी ताणतणाव शिबिर! पुण्याच्या एक मॅडम आल्या. आम्हाला सतरंजीवर बसवलं. "डोळे मिटा. तुमच्यासमोर एक सुंदर धबधबा आहे. स्वच्छ पाणी खळाळतंय..."

सगळे एकदम गप्प. मॅडमना वाटलं, ध्यान लागलं.

"काय दिसतंय?"

रहीमभाई डोळे मिटूनच म्हणाला, "मॅडम, आमच्या कपिलधारच्या धबधब्याला तर खडक उघडा पडलाय. ह्ये पानी कोन्त्या गावचं हाय? टँकर भरू देतील का?"

ज्ञानोबा ओरडला, "अय मुडद्या, गप बस! आदी मला पिऊ दे!"

मॅडम पोट धरून हसल्या. बाई चांगली होती. चहा पिताना म्हणाली, "एवढंच लक्षात ठेवा. माणूस रोज जे हटकून करतो, ते त्यानं अचानक सोडलं, तर त्याच्याकडं बघा. उपदेश करू नका. विचारा आणि ऐका."

आम्ही माना डोलावल्या. गाडी गेल्यावर रहीमभाई म्हणाला, "आबानं फोन सोडला तरच मी बघनार बाबा!"

*

आणि एका सकाळी कॉम्प्रेसर गुपचूप चालू झाला.

शिवी नाही, लाथ नाही. नुसतं बटण दाबलं. मी प्रयोगशाळेतून बाहेर आलो, साहेब केबिनमधून बाहेर आले, रहीमभाई टँकरखालून बाहेर आला. फाट्यावरचा हॉटेलवाला तर सायकल मारत आला, "आज सुट्टी हाय का?"

ज्ञानोबा कोपऱ्यात बसला होता. मी म्हणालो, "काय झालं रे?"

"काय न्हाई."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "फॅटभाऊ, दूधच न्हाई, तर मशीन कशाला? अन मशीन न्हाई, तर मी तरी कशाला?"

हसत म्हणाला असता तर मी हसलो असतो. आपल्या भागात त्या सालात असली वाक्यं ऐकून सोडून द्यायची नव्हती.

संध्याकाळी रहीमभाई पांढराफटक होऊन आला. हातात ज्ञानोबाचा रेडिओ. "देऊन टाकला बे मला. म्हनला, आता मला काय करायचा?" ज्या रेडिओला ज्ञानोबा कुणाला हात लावू द्यायचा नाही, तो रेडिओ!

*

मग आम्ही त्याला बरं करायला निघालो. काय अकला आमच्या!

रहीमभाईचं म्हणणं, शिवी अडकलीय, ती बाहेर काढायची. त्यानं ज्ञानोबाचा पाना लपवला. ज्ञानोबा म्हणाला, "असू दे." चहात मीठ घातलं. त्यानं तोही पिऊन टाकला! शेवटी चपला लपवल्या, तर हा पठ्ठ्या तापलेल्या डांबरावरनं अनवाणी घराकडं चालायला लागला. रहीमभाई चपला हातात घेऊन मागं पळाला, भर रस्त्यात त्याच्या पायापाशी बसून रडला. "दे की बे एक शिवी! हान मला!" ज्ञानोबानं त्यालाच उठवलं आणि घरी सोडलं.

मग कुलकर्णी साहेब गेले. विचारा आणि ऐका, हे घोकून गेले होते. विचारलं एक वाक्य, आणि पुढं स्वतःच बोलत बसले. आबांचे फोन, छातीत धडधड, डोळ्याला डोळा नाही. ज्ञानोबा मान हलवत ऐकत होता. अर्ध्या तासानं साहेब डोळे पुसत बाहेर आले.

मी म्हणालो, "साहेब, त्याला काही बरं वाटलं का?"

"त्याचं माहीत नाही हो. मला फार बरं वाटलं!"

*

पण त्यातूनच वाट निघाली. बीडला मनाच्या डॉक्टरकडं चल म्हटलं तर ज्ञानोबा म्हणाला असता, "मी येडा हाय का बे?" म्हणून साहेबांनीच त्याला गळ घातली. "ज्ञानोबा, मला दाखवायचंय. एकट्याला लाज वाटते. सोबत चला." आपल्याकडं कुणी सोबत चल म्हटलं की माणूस नाही म्हणत नाही. रहीमभाई न्यायला, मी कशाला माहीत नाही, पण मीही गेलतो.

डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कोण?"

साहेब म्हणाले, "मी." नाटक ठरलेलंच होतं. पण डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले आणि खरोखरच गोळ्या लिहायला घेतल्या! साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

ज्ञानोबा सगळं बघत होता. साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घ्या साहेब, लाजू नका." मग जरा थांबला. आम्हाला म्हणाला, "तुमी भाईर बसा." आणि आतून दार लावून घेतलं. बराच वेळ उघडलं नाही. बाहेर रहीमभाई पुटपुटत दुआ मागत होता, मी नखं खात होतो.

परत येताना रहीमभाई म्हणाला, "एक पेशंट घेऊन गेलतो, दोन घेऊन चाललो!"

साहेबांनी ज्ञानोबाला घरी बसवलं नाही. वहिनींना, म्हणजे ज्ञानोबाच्या बायकोला, सगळं नीट सांगून आले. साहेब आणि ज्ञानोबा गोळ्या एकमेकांसमोर घ्यायचे. दुपारी रहीमभाई त्याला टँकरवर सोबत न्यायचा आणि रोज तो रेडिओ पुढं करायचा, "माझ्याकडं नुस्ती खरखर करतो, घे की बे." ज्ञानोबा घेत नव्हता. पण हळूहळू जेवायला लागला, झोपायला लागला. शिवी मात्र नाही ती नाही. मशीन रोज गुपचूपच चालू व्हायचं, आणि आम्ही रोज कान लावून बसायचो.

*

पुढं पाऊस झाला, छावणीतली जनावरं घरी आली, दूध वाढलं, आणि दुष्काळात बंद ठेवलेला दुसरा कॉम्प्रेसर सुरू करायचं ठरलं. उद्‌घाटनाला चेअरमन आबा! मांडव, हार, खुर्च्या, संचालक मंडळ. आबा मशीनला टेकून उभे राहिले आणि भाषण सुरू झालं.

आबांचं भाषण रंगलं की त्यांचे हात रंगतात. डावा हात हवेत, आणि उजवा हात अमोनियाच्या व्हॉल्व्हच्या चाकावर! "सहकाराचं हे चाक..." असं म्हणत आबा ते चाक खरोखरच फिरवायला लागले. मशीनमधला तो विषारी वायू सुटला असता तर मांडव सोडून पळायलाही कुणी उरलं नसतं. आम्ही सगळे जागच्या जागी गोठलो. ज्या आबांना 'अहो' म्हणायलाही लोक आधी घसा साफ करतात, त्यांना सांगायचं कुणी?

आणि त्यांच्या डाव्या बाजूनं, मागच्या खुर्च्यांतून तो पहाडी आवाज आला.

"अय! मुडदा बशिवला तुजा! सोड की त्ये चाक, भाड्या!"

ज्ञानोबा खुर्च्या उडवत आला, आबांचा हात धरून चाकावरनं उचलला आणि व्हॉल्व्ह घट्ट बंद केला. आबांना वाटलं, कार्यकर्ता आहे. त्यांनी तोच हात त्याच्या हातात देऊन जोरजोरात हलवला.

संचालकांच्या माना खाली. रहीमभाई मात्र मांडवातच बसकण मारून हमसून हमसून रडत होता, रेडिओ छातीशी धरून.

तेवढ्यात पहिल्या रांगेत कुलकर्णी साहेब उभे राहिले. डोळे भरलेले, हात वर, आणि आयुष्यात कधी काढला नसेल असा आवाज काढून ते ओरडले,

"वन्स मोअर!"

टाळ्या सुरू झाल्या. आम्ही टाळ्या, हॉटेलवाला शिट्ट्या. ज्ञानोबानं येऊन रहीमभाईच्या हातातला रेडिओ हिसकावून घेतला. "दे हिकडं, मुडद्या! बटन मोडशील!"

टाळ्या थांबेनात. आबांनी कौतुकानं सगळ्यांकडं बघितलं, घसा खाकरला, आणि भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.